हार घातलेल्या माणसाचा नकाशा

ज्या माणसाला भूमिकाने गेल्याच महिन्यात स्वतःच्या हाताने मृत जाहीर केलं होतं, तो सोमवारी दुपारी वाचनालयाच्या दारात छत्री झटकत उभा होता.

तेच रुंद कपाळ. तेच जरा बाहेर आलेले कान. डाव्या भुवईचा तोच वर चढलेला कोपरा — कुणीतरी नुकतंच त्याला न पटणारं काही सांगून गेल्यासारखा... भूमिकाच्या हातातलं पेन खाली पडलं. तिने दाराकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, मग पुन्हा दाराकडे. फोटोतला तरुण चंदनाचा हार घालून कोरडा बसला होता आणि दारातल्या तरुणाच्या पँटमधून पाणी गळत होतं, एवढाच काय तो फरक.

"इथे नकाशेवाल्या मॅडम कोण आहेत?" त्याने विचारलं.

कडूकाका म्हणजे या वाचनालयाचे ग्रंथपाल, शिपाई आणि रखवालदार, सगळं एकच. त्यांनी पेपरातून मान वर न काढता बोट भूमिकाकडे केलं. तो माणूस तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"तुम्हीच का? आमच्या आबांना तुम्हीच मारलं ना?"

कडूकाकांनी पेपर खाली ठेवला.

"मी... कुणाला मारलं?" भूमिकाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"सुधाकर फालक. माझे आजोबा. सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, नेपानगरला राहतात, आणि काल दोन वाट्या खीर खाल्ली त्यांनी. तुमच्या त्या ज्ञानकोशात मात्र ते एकोणीसशे साठच्या आधीच गेलेले आहेत. माझी बहीण रुपाली पुण्यात असते. आबांच्या वाढदिवसाला काहीतरी बनवू म्हणून तिने नाव शोधलं, तर हे! रडत फोन केला हो तिने. आबा स्वतः फोनवर बोलले, तरी तिचं रडणं थांबेना."

भूमिकाला आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तरीही मनाच्या एका कोपऱ्यात, अगदी चोरून, तिला आनंद झाला. तो मुलगा मेला नव्हता तर!

झालं होतं असं. भूमिका महाजन एका खाजगी शाळेत भूगोल शिकवायची, आणि शाळा सुटली की बऱ्हाणपूरच्या इतवारा भागातल्या या मराठी वाचनालयात येऊन बसायची. कपाटात जुने नकाशे होते, कुणी हात न लावलेले. ती त्यांचे नीट फोटो काढी आणि त्या मोकळ्या ज्ञानकोशावर चढवी, जिथे कुणीही लिहावं आणि कुणीही वाचावं. याचे पैसे कुणी देत नव्हतं. पण आपल्या गावावर तिथे चार ओळी आणि एक धुरकट फोटो, एवढंच आहे हे तिला पाहवलं नव्हतं. नकाशा चढवताना तिथे विचारतात — कुणी काढला, कधी काढला, आणि तुम्ही कोणत्या हक्काने देताय? काढणारा जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर प्रश्न मिटला, नकाशा सगळ्यांचा.

त्यातच तिला हा सापडला. अख्खं जुनं बऱ्हाणपूर, हाताने काढलेलं, तीन रंगांच्या शाईत. वेशी, बाजार, तापीचे घाट, जमिनीखालून पाणी आणणाऱ्या कुंड्यांची रांग, प्रत्येक कुंडीला एक इवलासा गोल. कोपऱ्यात सही — सुधाकर फालक, १९५७. त्याच नावाचा फोटो भिंतीवर, वाचनालयाला वस्तू देणाऱ्यांच्या रांगेत होता, ऐन विशीतल्या पोराचा, आणि फोटोला हार. फोटोला हार म्हणजे माणूस गेलेला, हे काय कुणी शिकवावं लागतं? तिने लिहून टाकलं, मृत्यू १९६० च्या आधी. एवढा सुंदर नकाशा काढणारा मुलगा एवढ्या लवकर गेला, या विचाराने तिने दोन-चार दिवस उसासेसुद्धा टाकले होते. फोटोकडे पाहून डबा खाल्ला होता. हे अर्थात तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हती.

"पण... हार आहे ना फोटोला," ती म्हणाली.

"तो हार?" कडूकाका म्हणाले. "तो मी घातला. पंधरा ऑगस्टला सगळ्या फोटोंले नवीन हार आणले, एक जास्त झाला. सगळ्यांच्या गळ्यात हार अन् या एकाच पोराचा गळा रिकामा, बरं नाही दिसे ते. घालून दिला."

मग त्या तरुणाला हसू फुटलं. आधी दाबलेलं, मग न आवरणारं... हसता हसता तो समोरच्या खुर्चीवर बसला आणि बसल्याबरोबर त्याच्या खांद्यांतली सगळी हवा निघून गेली. दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसाचं बसणं असतं तसं ते बसणं होतं. भूमिकाने ते लगेच ओळखलं. तीही रोज घरी गेल्यावर असंच बसायची.

"विपुल," तो म्हणाला. "ठिबकचं काम करतो. केळीच्या मळ्यांतून नळ्या बघत फिरायचं. आज सकाळपासून जसोंडीत होतो, चिखलात. माफ करा, जोरात बोललो."

"माफी मी मागायची," भूमिका म्हणाली. "मी आत्ता लिहून टाकते. की चूक झाली, ते जिवंत आहेत."

"मग झालं ना काम."

"मग नकाशा काढून टाकतील. माणूस जिवंत आहे म्हणजे हक्क त्यांचा. त्यांची परवानगी पाहिजे."

"कागद तर वाचनालयाचा आहे."

"कागद वाचनालयाचा. नकाशा त्यांचाच."

विपुलने भुवई अजून थोडी वर नेली. "सही है," तो हळूच म्हणाला. "आबांना सांगतो. खूश होतील."

तिने चूक लिहिली. ज्ञानकोशावर नजर ठेवणारं कुणीतरी कुठेतरी जागं असतंच. संध्याकाळच्या आत उत्तर आलं, की लेखकाची परवानगी रविवारपर्यंत पाठवा, नाहीतर चित्र काढावं लागेल.

रविवार! भूमिकाने मोबाइल उलटा ठेवला. घरीही रविवारच ठरला होता.

तर रविवारची गोष्ट. भूमिका थकलेली होती. आजारी नव्हे, दुःखी नव्हे, नुसती थकलेली. दिवसभर सहावी ते आठवीला ओरडून भूगोल शिकवायचा, वह्या घरी आणायच्या, आणि गेली चार वर्षं दर दोन महिन्यांनी साडी नेसून पोहे द्यायचे. पाहुणे येण्याआधी मंगला, म्हणजे तिची आई, दरवेळी तेच सांगायची, "जरा फ्रेश दिस न, भूमी." आता इंदूरचं स्थळ आलं होतं. रितेश. चांगली नोकरी, नीट बोलणं, वाईट काहीच नाही. व्हिडिओ कॉलवर त्याने काळजीने विचारलं होतं, "तुम्ही जरा डल वाटता, बी-ट्वेल्व्ह चेक केलंय का?" तिने बिचारीने तपासून घेतलं. व्यवस्थित होतं. थकवा काही रक्तात सापडला नाही.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "रविवारी त्यांना उत्तर द्यायचंय. तू तर काही बोलूनच नाही राहिली. मग आम्ही हो समजायचं न?"

भूमिकाने ताटातून मान वर केली नाही.

"अगं, लाजते ती," पप्पा म्हणाले आणि ताक मागितलं.

ती लाजत नव्हती. 'नाही' म्हणायचं तर का, कशासाठी, मग कसा पाहिजे, या सगळ्याची उत्तरं द्यावी लागली असती, आणि तेवढं बळ तिच्यात उरलं नव्हतं. होऊ दे, तिला वाटलं. निदान पोहे तरी थांबतील.

मंगळवारी विपुल पुन्हा आला. बाहेर पाऊस होताच. सप्टेंबर संपत आला तरी तो जायचं नाव घेत नव्हता. जोर नाही, गडगडाट नाही, नुसता आपला पडतोय... त्यालाही कंटाळा आला असावा आणि थांबायचं कसं ते सुचत नसावं.

"घ्या, परवानगी." त्याने शर्टाच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. भूमिकाने वाचला. 'मी, सुधाकर फालक, राहणार नेपानगर, जिवंत, माझा नकाशा कु. भूमिका महाजन हिला वापरण्यास देत आहे.'

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी, न ठरवता.

"चालणार नाही हे."

"का? 'जिवंत' तर लिहिलंय ना. जोर देऊन."

"'भूमिका महाजन हिला' लिहिलंय. मला एकटीला देऊन चालत नाही. सगळ्या जगाला द्यावा लागतो. कुणीही घेईल, छापेल, विकेलसुद्धा. फक्त खाली त्यांचं नाव टाकायचं."

"मतलब तुम्हाला स्पेशल काहीच नाही?"

"नाही."

"ये तो नाइन्साफी है. मेहनत तुमची, आणि मिळणार सगळ्यांना."

"तसंच असतं ते."

"आणि नंतर मन बदललं तर?"

"परत घेता येत नाही. एकदा दिलं की दिलं."

विपुल तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. "डेंजर आहे तुमचा ज्ञानकोश," तो म्हणाला, आणि मग दोघांनीही एकाच वेळी खिडकीकडे पाहिलं, जणू तिकडे काही महत्त्वाचं चाललं होतं. तिकडे एक शेळी भिजत उभी होती.

"पाऊस कमी झाला की निघतो," तो म्हणाला, आणि दोन मिनिटांत खुर्चीतच झोपला.

भूमिका नकाशांचे फोटो सरळ करत बसली. काम करता करता नजर वर जाई. वर भिंतीवर तोच चेहरा, जागा, ताठ, इस्त्रीच्या शर्टातला, आणि खाली हा — तोंड जरासं उघडं, शर्टावर चिखलाचे शिंतोडे, हात मांडीवर पालथे. महिनाभर जिच्याकडे पाहून तिने डबा खाल्ला होता ती तसबीर तिला एकदम परकी वाटली. खालचा बरा होता. कडूकाका पंखा बंद करायला उठले, तर तिने हातानेच नको म्हणून खुणावलं.

तो दचकून उठला तेव्हा दिवे लागले होते. "अरे यार! उठवलं का नाही?"

"कशाला? थकलेला माणूस झोपलेला बरा दिसतो."

"बरा दिसतो?"

"म्हणजे... बरं असतं. झोपणं. तब्येतीला." भूमिकाने भराभर पिशवी आवरली. कान गरम झालेत हे तिला कळत होतं, आणि त्यालाही कळतंय हेसुद्धा. "आणि घोरता तुम्ही!"

बुधवारी तो मावा जिलबी घेऊन आला, कडूकाकांसाठी म्हणून. कडूकाकांना साखरेची बीमारी होती, हे त्याला ठाऊक नसावं. गुरुवारी तो नुसताच आला.

"आज काय काम काढलंत?" भूमिकाने विचारलं.

"आज काही नाही. आज फक्त थकलोय."

तिने समोरच्या खुर्चीवरचे अंक उचलून खाली ठेवले. "मग बसा," ती म्हणाली. "मीपण."

आणि दोघं बसले. ती वह्या तपासत होती, तो शेतकऱ्यांच्या नळ्यांचे हिशेब बघत होता, आणि मधूनच काहीतरी बोलत होते. सातवीच्या एका पोराने तापी अरबी समुद्राऐवजी नेपानगरला नेऊन मिळवली होती. "चला, सासर तरी जवळचं मिळालं तिला," विपुल म्हणाला. भूमिका हसली, मग पुन्हा लाल पेन चालू लागलं. आपण केस विंचरलेले नाहीत, ओढणीला खडू लागलाय, डोळ्यांखाली काळं आहे, हे तिला आठवलं ते घरी जाऊन आरशात पाहिल्यावर. चार वर्षांत पहिल्यांदा कुणासमोर ती फ्रेश दिसायचं विसरून गेली होती. आरशासमोर उभं राहून तिला रडू आलं. आवडला होता तिला तो. आणि रविवार तोंडावर आला होता.

शुक्रवारी तिने सांगूनच टाकलं. नजर वहीवरच ठेवून. "परवा आमच्या घरून एका ठिकाणी उत्तर जाणार आहे. इंदूरला."

विपुलचा हात थांबला. "कसलं उत्तर?"

"लग्नाचं."

"काय... काय आहे उत्तर?"

"मी काही बोलले नाही. म्हणजे ते हो समजतील."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. तो बोलेल असं तिला वाटलं. काहीही — एक शब्द. त्याने घसा साफ केला.

"चांगला आहे?"

"वाईट नाही."

"अच्छा," विपुल म्हणाला. त्याने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "आबा म्हणतात, ती पोरगी स्वतः येऊन माझी नाडी बघेल तरच परवानगी देईन. उद्या याल? बाईकवर घेऊन जातो."

"बाईकवर? आमची अर्धी शाळा त्या रस्त्याला राहते." भूमिकाने पेनाचं टोपण लावलं. "बसने येईन."

शनिवारी अर्धी शाळा करून ती नेपानगरच्या बसमध्ये खिडकीशी बसली. गाव मागे पडलं, आणि बघते तर खिडकीच्या खाली बाईक! रेनकोट घातलेला, हेल्मेटवरून पाणी निथळणारा विपुल बसच्या बरोबरीने येत होता. तिने हाताने विचारलं, हे काय? त्याने एक हात सोडून खूण केली, रस्ता सगळ्यांचा आहे. ट्रक आला की तो मागे पडे, आणि तिची मान आपोआप मागे वळे... मग पुन्हा खिडकीखाली तेच हेल्मेट उगवे. शेजारच्या बाईने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा भूमिकाकडे, आणि आपली केळ्यांची टोपली मुकाट्याने पलीकडे सरकवली.

आबा ओट्यावर खुर्ची टाकून वाटच बघत होते. भुवईचा तोच कोपरा वर, पण आता पांढरा.

"ये बाई! तूच न ती मले मारणारी?"

भूमिका पाया पडली. आबांनी हात पुढे केला. "आधी नाडी बघ. मग बोलू."

तिने खरंच बघितली. मनगटाच्या हाडाखाली बारीक, चालू होती. "आहे," ती म्हणाली, आणि आबा समाधानाने मागे टेकले.

तिने त्यांना सगळं समजावलं. नकाशा सगळ्यांचा होईल, कुणीही वापरेल, पैसे मिळणार नाहीत, नाव मात्र राहील, आणि दिलेलं परत घेता येणार नाही.

"जिलबीच्या डब्यावर छापला कुणी तरी?"

"तरी चालेल, आबा."

आबा गप्प झाले. मोबाइलवर तिने उघडून दिलेला नकाशा ते बोटाने वर-खाली करत राहिले. एका कुंडीवर बोट थांबलं. विपुलने त्यांच्यासाठी ईमेल उघडून दिला होता, मजकूरही तिने सांगितला तसा लिहून तयार होता.

"जिंदगीभर मिलमधी ड्रॉइंगं काढले," आबा बऱ्याच वेळाने म्हणाले. "ते मिलचे. घर बांधलं, ते पोराइच्या नावावर करून देलं. हा एक नकाशा माझा होता, अन् मले मालूमच नव्हतं. चार दिवस झाले मालूम होऊन. आता तू म्हणते, तोही देऊन टाक."

पुन्हा गप्प. आत कुकरची शिट्टी झाली. विपुल तिच्या कानाशी वाकला. "गप्प आहेत म्हणजे हो आहे त्यांचं. मी ओळखतो. पाठवू?"

"नाही," भूमिका म्हणाली.

"अहो, उद्या शेवटचा दिवस—"

"असू दे. गेला तर गेला नकाशा. माणूस गप्प बसला म्हणजे हो नसतं म्हणाला. थकलेला असेल. विचार करत असेल. त्याने तोंडाने म्हटलं पाहिजे, नाहीतर ते हो नाहीच..."

आणि ती थांबली. स्वतःचाच आवाज तिच्या कानात शिरला होता. एका म्हाताऱ्याच्या कागदासाठी ती एवढी भांडत होती, आणि स्वतःच्या अख्ख्या आयुष्यासाठी ताटात मान घालून बसली होती! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आबांनी वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग नातवाकडे. "दिला," ते म्हणाले. "सगळ्यांले दिला. खुशीनं. पण नाव ठेवजो खाली."

"नाव राहणारच, आबा. नियमच आहे तो."

आबांनी भिंगातून मजकूर पुरता वाचला आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं.

तेवढ्यात भूमिकाचा फोन वाजला. आई. ती ओट्याच्या कडेला गेली.

"भूमी, रितेशचे पप्पा आजच विचारून राहिले. हो सांगून टाकते. तू तर काही—"

"आई, थांब." तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी काही बोलले नाही, कारण मी थकले होते. ते हो नव्हतं."

"मग काय होतं?"

"नाही होतं. आता तोंडाने सांगते. नाही."

पलीकडे मिक्सर चालू होता. मग तो बंद झाला. "अगं, मग आधी बोलायचं न, बाई... चार वर्षं झाले, तुले काय पाहिजे ते आम्हाले कसं कळावं? पप्पा चिडतील बरं."

"चिडू दे. मी आल्यावर बोलते त्यांच्याशी."

फोन ठेवला तेव्हा तिला एकदम हलकं वाटलं आणि त्याहून जास्त, भयंकर झोप आली. चार वर्षांची सगळी झोप एकदम.

बस थांब्यापर्यंत विपुल बाईक ढकलत बरोबर चालला. पाऊस भुरभुरत होता. थांब्याच्या पत्र्याखाली बाकावर दोघं बसले, मध्ये तिची पिशवी.

"मी काही ऐकलं नाही," विपुल म्हणाला.

"खरं?"

"सगळं ऐकलं." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "मतलब... मी काय म्हणत होतो... तुम्हाला तर समजलंच असेल..."

"मला काही समजलेलं नाही."

"अहो, रोज कोण येतं असं? जिलबी घेऊन... बसच्या मागे भिजत..."

"विपुल," ती वळून म्हणाली, "मी एकदा फोटोचा हार बघून अंदाज बांधला आणि एक जिताजागता माणूस मारून ठेवला. आता अंदाज बंद. काय असेल ते तोंडाने सांगा."

त्याने हेल्मेट खाली ठेवलं. भुवईचा कोपरा पहिल्यांदाच सरळ झाला.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "फ्रेश-बिश दिसता म्हणून नाही. थकलेल्या आवडता. त्या खुर्चीवर तुमच्यासमोर बसलो ना, की दिवसभराचं सगळं उतरतं माझं. काल तुम्ही इंदूरचं सांगितलं तर मी 'अच्छा' म्हणालो. अच्छा! रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या. मला लग्न करायचंय तुमच्याशी. आणि हे फक्त तुम्हाला सांगतोय, जगाला नाही."

भूमिकाला वाटलं आता आपण काहीतरी सुंदर बोलावं.

"मला जरा वेळ द्या," ती म्हणाली. "आज एक मोठी गोष्ट बोललेय मी. दुसरी लगेच निघत नाही."

"घ्या ना."

"पण मी गप्प आहे म्हणून हो समजायचं नाही."

"नाही समजणार."

"नाहीपण समजायचं नाही."

"नाही समजणार," तो म्हणाला. अगदी शहाण्यासारखा.

ती खांबाला टेकली. डोळे क्षणभर मिटावे म्हणून मिटले.

जाग आली तेव्हा पाऊस थांबला होता आणि रस्त्यावर उन्हाची तिरपी पट्टी पडली होती. गालाखाली खांब नव्हता, घडी केलेला रेनकोट होता. विपुल बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला, पत्रा गळत होता तिथे बसला होता. अंगातला शर्ट निथळत होता, आणि तिची पिशवी त्याने मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती, भिजू नये म्हणून.

"बस गेली?"

"दोन गेल्या."

"उठवलं का नाही?"

"थकलेला माणूस झोपलेला बरा दिसतो," तो म्हणाला. समोर रस्त्याकडेच बघत. हसू दाबत. आणि काही विचारलं नाही. उत्तराचं नाव काढलं नाही. शिंकला मात्र दोनदा.

भूमिका त्याच्याकडे पाहत राहिली. या माणसाने भिजून बसायचं कबूल केलं होतं, पण तिची झोप मोडायची नाही आणि तिचं गप्प राहणं आपल्या सोयीने वाचायचं नाही. एवढं तिला पुरे होतं.

"हो," ती म्हणाली.

विपुलने चमकून मान वळवली. "हो... म्हणजे? नीट सांगा. अंदाज बंद आहेत."

"हो, मला तू आवडतोस. हो, मी तुझ्याशी लग्न करेन. आबांना विचार, नाडी तपासलीये मी त्या घराण्याची. आणखी लिहून देऊ?"

विपुलने पिशवी एवढी घट्ट धरली, की आतल्या सातवीच्या वह्या चुरगळल्या.

तिसरी बस आली. कंडक्टर दारातून ओरडला, "बऱ्हाणपूर, बऱ्हाणपूर!" भूमिका उठली, तो ओला रेनकोट झटकून स्वतःच्या अंगात घातला आणि बसला हातानेच जा म्हणून सांगितलं. अर्धी शाळा त्या रस्त्याला राहत होती.

"चल," ती बाईकवर मागे बसत म्हणाली. "हळू चालव. मला परत झोप येईल."